पोलीस महासंचालक ते खासदार : हरीश मीणा यांची वादग्रस्त वाटचाल

जयपूर : राजस्थान पोलीस दलाचे माजी महासंचालक आणि टोंक-सवाई माधोपूर मतदारसंघाचे काँग्रेसचे खासदार हरीशचंद्र मीणा यांची सार्वजनिक कारकीर्द ही राज्याच्या राजकारणातील एक वेगळी कहाणी आहे. काँग्रेस सरकारच्या काळात पोलीस दलाचे नेतृत्व, त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत भारतीय जनता पक्षाच्या चिन्हावर लोकसभेत प्रवेश, सख्ख्या भावाविरुद्ध निवडणूक, साडेचार वर्षांनी पुन्हा काँग्रेसचा आश्रय, सत्ताधारी पक्षाचे आमदार असताना पोलिसांविरुद्ध उपोषण, स्वपक्षाच्या मुख्यमंत्र्यांविरुद्धच्या बंडात सहभाग आणि अखेर २०२४ मध्ये पुन्हा लोकसभा, असा हा प्रवास आहे.

मीणा यांच्या निवडणुकीतील यशाबद्दल दुमत नाही. वाद आहे तो पोलीस प्रमुखपद आणि पक्षीय राजकारण यांतील अंतराचा. कायदा व सुव्यवस्थेची सर्वोच्च जबाबदारी सांभाळणारा अधिकारी गणवेश उतरवताच उमेदवार होतो, तेव्हा त्याने पदावर असताना घेतलेल्या निर्णयांकडे नागरिकांनी कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न त्यांच्या निमित्ताने जयपूरमध्ये वारंवार विचारला गेला. अशा उदाहरणांची संख्या वाढत असल्याने तो आता केवळ राजस्थानपुरता उरलेला नाही.

बामनवास ते पोलीस मुख्यालय

हरीश मीणा हे सवाई माधोपूर जिल्ह्यातील बामनवास परिसरातील मीणा कुटुंबातले. राजस्थानात मीणा समाज अनुसूचित जमातींत मोडतो. पूर्व राजस्थानातील दौसा, सवाई माधोपूर, करौली आणि टोंक या जिल्ह्यांत त्याचे राजकीय वजन मोठे आहे. प्रशासकीय आणि पोलीस सेवांत या समाजाने लक्षणीय स्थान मिळवले असून, सेवेतील अधिकारी हा समाजाच्या दृष्टीने नेतृत्वाचा एक स्रोत मानला जातो.

हरीश यांचे ज्येष्ठ बंधू नमोनारायण मीणा हेही भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी होते. निवृत्तीनंतर ते काँग्रेसमध्ये गेले आणि २००४ मध्ये सवाई माधोपूरमधून लोकसभेवर निवडून आले. मनमोहन सिंग यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी प्रथम पर्यावरण व वने आणि नंतर अर्थ खात्याचे राज्यमंत्री म्हणून काम पाहिले. २००९ च्या निवडणुकीत टोंक-सवाई माधोपूरमधून त्यांनी गुर्जर आरक्षण आंदोलनाचे नेते व भाजपचे उमेदवार किरोडीसिंह बैंसला यांचा अवघ्या ३१७ मतांनी पराभव केला होता. खाकीतून खादीकडे जाण्याची वाट या घरात धाकट्या भावाआधीच पडलेली होती.

हरीश मीणा २००९ मध्ये, अशोक गेहलोत मुख्यमंत्री असताना, राज्याचे पोलीस महासंचालक झाले. गेहलोत यांचा तो मुख्यमंत्रिपदाचा दुसरा कार्यकाळ होता. सरकारच्या जवळजवळ संपूर्ण काळात मीणा हे दलाच्या प्रमुखपदी राहिले. महासंचालकांना किमान दोन वर्षांचा निश्चित कार्यकाळ मिळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह प्रकरणात २२ सप्टेंबर २००६ रोजी बजावले होते. त्यामागे अधिकाऱ्याला राजकीय दबावापासून संरक्षण देण्याचा हेतू होता. मीणा यांना त्याहून कितीतरी अधिक काळ मिळाला. समर्थकांच्या मते ते स्थैर्याचे लक्षण होते, टीकाकारांना त्यात सरकारशी असलेली जवळीक दिसली.

याच काळात राज्याच्या पोलीस रचनेत एक महत्त्वाचा बदल झाला. जानेवारी २०११ मध्ये जयपूर आणि जोधपूर येथे पोलीस आयुक्तालय पद्धत सुरू झाली. मुंबई-पुण्याच्या वाचकांना ही पद्धत परिचित आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे असलेले प्रतिबंधात्मक कारवाईचे काही अधिकार या पद्धतीत पोलीस आयुक्तांकडे येतात.

२०११ : कसोटीचे वर्ष

आयुक्तालयांचा प्रारंभ झाला ते २०११ हे वर्ष राजस्थान पोलिसांसाठी अत्यंत खडतर ठरले. महासंचालक म्हणून मीणा यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना त्या वर्षातील तीन घटनांचा उल्लेख हमखास होतो.

पहिली घटना सवाई माधोपूर जिल्ह्यातील सूरवाल गावातील. १७ मार्च २०११ रोजी तेथे एका हत्येच्या तपासावरून आंदोलन सुरू होते. पाण्याच्या टाकीवर चढलेल्या एका आंदोलक तरुणाने उडी घेतल्यानंतर जमाव भडकला आणि मानटाउन ठाण्याचे प्रभारी निरीक्षक फूल मोहम्मद यांना त्यांच्या जीपसह जिवंत जाळण्यात आले. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे म्हणजेच सीबीआयकडे गेला. या प्रकरणात नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने ३० जणांना दोषी ठरवले. दोषींमध्ये तत्कालीन पोलीस उपअधीक्षकाचाही समावेश होता. आपल्याच सहकाऱ्याच्या मृत्यूप्रकरणी एका पोलीस अधिकाऱ्याला शिक्षा होणे ही दलाच्या दृष्टीने गंभीर बाब होती.

दुसरी घटना भरतपूर जिल्ह्यातील गोपालगढची. कब्रस्तानाच्या जागेवरून मेव आणि गुर्जर समाजांत निर्माण झालेल्या तणावाचे पर्यवसान १४ सप्टेंबर २०११ रोजी हिंसाचारात झाले. पोलिसांनी गोळीबार केला. या घटनेत दहा जणांचा मृत्यू झाला. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना हटवण्यात आले व तपास सीबीआयकडे सोपवण्यात आला. काँग्रेसचे तत्कालीन सरचिटणीस राहुल गांधी यांनी पुढच्याच महिन्यात परिसराला भेट दिली. स्वपक्षाचे सरकार असलेल्या राज्यात राष्ट्रीय नेत्याला अशी भेट द्यावी लागणे हे गेहलोत सरकारसाठी नामुष्कीचे होते.

तिसरे प्रकरण जोधपूर जिल्ह्यातील परिचारिका भंवरी देवी यांच्या अपहरणाचे आणि हत्येचे. १ सप्टेंबर २०११ रोजी त्या बेपत्ता झाल्या. राज्याचे मंत्री महिपाल मदेरणा यांचे नाव पुढे आले, त्यांना मंत्रिपद गमवावे लागले आणि नंतर सीबीआयने त्यांना अटक केली. प्रारंभीच्या तपासातील दिरंगाईवरून राज्य पोलीस उच्च न्यायालयाच्या टीकेचे धनी झाले.

या तिन्ही प्रकरणांत तपास राज्य पोलिसांकडून काढून केंद्रीय यंत्रणेकडे द्यावा लागला, हे त्यांतील समान सूत्र आहे. एखाद्या ठाण्यातील चुकीसाठी महासंचालकाला थेट जबाबदार धरता येत नाही. परंतु स्थानिक पोलिसांवर विश्वास नसल्याची भावना एकाच वर्षात तीन वेगवेगळ्या जिल्ह्यांतून व्यक्त होते, तेव्हा दलाच्या नेतृत्वाला त्याचे उत्तर द्यावे लागते. जानेवारी २०१३ मध्ये अजमेरच्या तत्कालीन पोलीस अधीक्षकांना ठाण्यांकडून हप्ते घेतल्याच्या आरोपावरून राज्याच्याच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने अटक केली, तेव्हा दलाच्या प्रतिमेला आणखी एक धक्का बसला.

विरोधी पक्षात असलेल्या भाजपने या सर्व घटनांवरून गेहलोत सरकारला धारेवर धरले होते. पुढे जे घडले त्याचे आश्चर्य वाटण्याचे कारण तेच होते.

भावाविरुद्ध भाऊ

डिसेंबर २०१३ मध्ये विधानसभा निवडणुकीत काँग्रेसचा दारुण पराभव झाला, वसुंधरा राजे मुख्यमंत्री झाल्या आणि पोलीस महासंचालकपदावरही नवे अधिकारी आले. त्यानंतर काही महिन्यांतच हरीश मीणा यांनी भाजपमध्ये प्रवेश केला. पक्षाने त्यांना अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या दौसा मतदारसंघातून लोकसभेची उमेदवारी दिली.

दौसातील लढत कौटुंबिक आणि सामाजिक अशा दोन्ही पातळ्यांवर चुरशीची होती. काँग्रेसने नमोनारायण मीणा यांना उमेदवारी दिली. तिसरे उमेदवार होते किरोडीलाल मीणा. भाजपमधून बाहेर पडून २००९ मध्ये याच मतदारसंघातून अपक्ष निवडून आलेले किरोडीलाल आता नॅशनल पीपल्स पार्टीच्या वतीने रिंगणात होते. समाजातील तीन बडे नेते एकमेकांसमोर उभे ठाकले. नरेंद्र मोदी यांच्या नावाने उसळलेल्या लाटेत हरीश मीणा यांनी किरोडीलाल यांचा सुमारे ४५ हजार मतांनी पराभव केला. केंद्रात मंत्री असलेले ज्येष्ठ बंधू तिसऱ्या क्रमांकावर राहिले. राजस्थानातील लोकसभेच्या सर्व २५ जागा त्या वेळी भाजपने जिंकल्या.

काँग्रेसच्या गोटात या उमेदवारीने कटुता निर्माण झाली. ज्या सरकारने दीर्घकाळ महासंचालकपद दिले, त्याच पक्षाविरुद्ध मीणा उभे राहिले, अशी पक्षाची भावना होती. दुसरीकडे, ज्या पोलीस प्रशासनावर भाजपने पाच वर्षे टीका केली, त्याच्याच प्रमुखाला उमेदवारी कशी, या प्रश्नाला भाजपला सामोरे जावे लागले. निवडून येण्याची क्षमता आणि समाजातील प्रभाव हे निकष दोन्ही पक्षांनी पुढील काळात इतर सर्व बाबींपेक्षा वर ठेवले, हे नंतरच्या घडामोडींनी दाखवून दिले.

पुन्हा काँग्रेस

मार्च २०१८ मध्ये किरोडीलाल मीणा भाजपमध्ये परतले आणि पक्षाने त्यांना राज्यसभेवर पाठवले. पूर्व राजस्थानातील मीणा समाजाचे नेतृत्व भाजपमध्ये कोणाकडे राहणार, याचा कल त्यातून स्पष्ट झाला. दौसाच्या विद्यमान खासदारासाठी ही घडामोड अनुकूल नव्हती.

१४ नोव्हेंबर २०१८ रोजी, विधानसभा निवडणुकीला महिनाही उरला नसताना, हरीश मीणा यांनी दिल्लीत काँग्रेसमध्ये प्रवेश केला. त्या वेळी अशोक गेहलोत आणि सचिन पायलट हे दोघेही उपस्थित होते. विद्यमान खासदाराने ऐन निवडणुकीत पक्ष सोडणे हा भाजपला धक्का होता. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार, ज्या पक्षाच्या चिन्हावर सदस्य निवडून आला त्याचे सदस्यत्व स्वेच्छेने सोडल्यास तो अपात्र ठरू शकतो. मात्र सोळाव्या लोकसभेचा काळ संपत आला होता आणि मीणा यांचे लक्ष विधानसभेकडे होते.

काँग्रेसने त्यांना टोंक जिल्ह्यातील देवली-उनियारा या सर्वसाधारण मतदारसंघातून उभे केले. भाजपचे राजेंद्र गुर्जर यांचा सुमारे २१ हजार मतांनी पराभव करून ते आमदार झाले. मीणा आणि गुर्जर या दोन्ही समाजांचे मोठे मतदान असलेल्या या भागात आरक्षणाच्या प्रश्नाची छाया राजकारणावर कायम असते. गुर्जरांनी अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला आणि मीणा समाजाने त्याला विरोध केला. २००७ च्या आंदोलनात दोन्ही समाज आमनेसामने आले होते.

पोलिसांविरुद्ध माजी पोलीस प्रमुख

आमदार झाल्यावर सहा महिन्यांतच मीणा यांनी स्वतःच्याच सरकारला अडचणीत आणले. २०१९ च्या उन्हाळ्यात टोंक जिल्ह्यातील एका ट्रॅक्टरचालकाचा मृत्यू झाला. पोलिसांच्या मारहाणीमुळे हा मृत्यू झाल्याचा आरोप कुटुंबीयांनी व ग्रामस्थांनी केला. दोषींवर कारवाई आणि कुटुंबाला मदत या मागण्यांसाठी मीणा उपोषणास बसले. त्यांचे जुने प्रतिस्पर्धी, भाजपचे किरोडीलाल मीणाही आंदोलनात उतरले. दौसात परस्परांविरुद्ध लढलेले दोन नेते पाच वर्षांनंतर एकाच बाजूला दिसले.

गृह खाते त्या वेळी मुख्यमंत्री गेहलोत यांच्याचकडे होते. ज्या दलाचे नेतृत्व मीणा यांनी अनेक वर्षे केले, त्याच दलातील कर्मचाऱ्यांवर ते आता लोकप्रतिनिधी म्हणून आरोप करत होते. समर्थकांना त्यात लोकांची बाजू घेणारा नेता दिसला. विरोधकांनी मात्र पोलीस कोठडी व वाळू वाहतुकीतील गैरप्रकारांच्या तक्रारी ते महासंचालक असतानाही होत्या, याकडे बोट दाखवले. बनास नदीच्या खोऱ्यातील बेकायदा वाळूउपसा आणि त्यावरून पोलीस व ट्रॅक्टरचालक यांच्यात उडणारे खटके ही टोंक-सवाई माधोपूर पट्ट्यातील जुनी समस्या आहे.

मानेसरमधील दिवस

जुलै २०२० मध्ये सचिन पायलट यांनी गेहलोत यांच्या नेतृत्वाविरुद्ध बंड केले. त्यांच्यासोबत असलेल्या आमदारांमध्ये हरीश मीणा यांचा समावेश होता. पायलट यांच्यासह १९ आमदारांना विधानसभा अध्यक्ष सी. पी. जोशी यांनी अपात्रतेच्या नोटिसा बजावल्या. आमदारांनी जयपूर येथे उच्च न्यायालयात धाव घेतली आणि २४ जुलै रोजी न्यायालयाने परिस्थिती जैसे थे ठेवण्याचा आदेश दिला.

या काळातील एक प्रसंग मीणा यांच्या कारकिर्दीच्या संदर्भात बोलका आहे. सरकार पाडण्याच्या कथित कटाच्या ध्वनिफिती समोर आल्यानंतर राजस्थान पोलिसांच्या विशेष कृती गटाने म्हणजे एसओजीने राजद्रोहाच्या कलमाखाली गुन्हा नोंदवला. या गटाचे पथक बंडखोर आमदार थांबलेल्या हरियाणातील मानेसर येथील हॉटेलवर पोहोचले. हरियाणा पोलिसांनी त्यांना काही काळ प्रवेशद्वारावरच रोखले. एका राज्याचे पोलीस दुसऱ्या राज्याच्या पोलिसांना अडवत होते. दोन्ही दले वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांच्या अखत्यारीत होती आणि ज्यांच्या गटाचा शोध घेतला जात होता, त्यांत राजस्थान पोलिसांचे माजी प्रमुख होते. राजद्रोहाचे कलम पुढे मागे घेण्यात आले. पोलीस यंत्रणा सत्तेच्या सोयीने वापरली जाते, हा आरोप एरवी विरोधी पक्ष करतात. येथे तो सत्ताधारी पक्षाच्याच आमदारांनी केला.

ऑगस्टमध्ये पक्षश्रेष्ठींच्या मध्यस्थीने समेट झाला. १४ ऑगस्ट २०२० रोजी गेहलोत सरकारने विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने जिंकला.

पिता-पुत्र आणि दोन बंधू

२०२३ मध्ये राज्यात काँग्रेसची सत्ता गेली, परंतु हरीश मीणा यांनी देवली-उनियाराची जागा राखली. त्यांनी सुमारे १९ हजार मतांनी पराभूत केलेले भाजप उमेदवार विजय बैंसला हे दिवंगत किरोडीसिंह बैंसला यांचे पुत्र. थोरल्या मीणा बंधूंनी २००९ मध्ये पित्याला आणि धाकट्यांनी २०२३ मध्ये पुत्राला पराभूत केले.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना टोंक-सवाई माधोपूरमधून उमेदवारी दिली. भाजपचे सुखबीरसिंह जौनापुरिया यांनी २०१४ मध्ये मोहम्मद अझरुद्दीन यांचा आणि २०१९ मध्ये नमोनारायण मीणा यांचा येथे पराभव केला होता. हरीश मीणा यांनी जौनापुरिया यांना सुमारे ६५ हजार मतांनी हरवले. पूर्व राजस्थानात काँग्रेसने त्या वेळी केलेल्या पुनरागमनात या विजयाचा वाटा होता.

त्यांनी रिकाम्या केलेल्या देवली-उनियारा जागेच्या पोटनिवडणुकीला मात्र गालबोट लागले. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी समरावता गावात मतदानादरम्यान काँग्रेसचे बंडखोर अपक्ष उमेदवार नरेश मीणा यांनी उपविभागीय अधिकाऱ्यास थप्पड मारली. त्यानंतर उसळलेल्या हिंसाचारात वाहने जाळण्यात आली. ही जागा भाजपचे राजेंद्र गुर्जर यांनी जिंकली आणि काँग्रेसचा अधिकृत उमेदवार तिसऱ्या स्थानी फेकला गेला.

नियम काय सांगतात

सेवेत असलेल्या अधिकाऱ्याला राजकारणात भाग घेण्यास अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ नुसार मनाई आहे. सेवा सोडल्यानंतर मात्र चित्र बदलते. निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत खासगी कंपनीत नोकरी पत्करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागते. पक्षात प्रवेश करण्यासाठी किंवा निवडणूक लढवण्यासाठी असा कोणताही कालावधी थांबावे लागत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९ प्रमाणे भ्रष्टाचार किंवा राज्याशी बेइमानी या कारणावरून बडतर्फ झालेली व्यक्ती पाच वर्षे अपात्र ठरते. स्वेच्छेने किंवा नियत वयोमानानुसार निवृत्त होणाऱ्यास हे बंधन लागू नाही.

निवडणूक आयोगाने २०१२ मध्ये अशा प्रतीक्षाकाळाची शिफारस केंद्राला केली होती. ती स्वीकारली गेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये याच मागणीची याचिका फेटाळली. असे बंधन असावे की नसावे, हे ठरवणे कायदेमंडळाचे काम आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. ज्यांना या सोयीचा लाभ होतो त्या पक्षांनीच ती बंद करण्याचा निर्णय घ्यावयाचा असल्याने हा विषय तेथेच थांबला आहे.

महाराष्ट्रातील दाखले

हरीश मीणा यांच्यासोबतच २०१४ मध्ये लोकसभेत पोहोचलेले दुसरे बडे पोलीस अधिकारी म्हणजे मुंबईचे तत्कालीन पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह. जानेवारी २०१४ च्या अखेरीस आयुक्तपदाचा राजीनामा देऊन ते भाजपमध्ये गेले आणि उत्तर प्रदेशातील बागपतमधून अजितसिंह यांचा पराभव करून खासदार झाले. २०१७ मध्ये ते केंद्रात राज्यमंत्री झाले. डार्विनचा उत्क्रांतिवाद शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे वक्तव्य त्यांनी जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे केले आणि शास्त्रज्ञांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतला. मुंबईचेच माजी आयुक्त अरूप पटनायक यांनी बिजू जनता दलातर्फे २०१९ मध्ये भुवनेश्वर आणि २०२४ मध्ये पुरी येथून निवडणूक लढवली, पण दोन्ही वेळा ते पराभूत झाले. बिहारचे पोलीस महासंचालक गुप्तेश्वर पांडे यांनी सप्टेंबर २०२० मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेऊन संयुक्त जनता दलात प्रवेश केला, मात्र त्यांना उमेदवारीच मिळाली नाही.

या उदाहरणांच्या तुलनेत मीणा यांचे वेगळेपण दोन बाबींत आहे. ज्या राज्याचे ते पोलीस प्रमुख होते, त्याच राज्यात त्यांनी राजकारण केले. तसेच दोन्ही प्रमुख पक्षांच्या चिन्हांवर त्यांनी विजय मिळवला. २०१४, २०१८, २०२३ आणि २०२४ अशा चारही निवडणुका ते जिंकले असून त्यांतील तीन सर्वसाधारण मतदारसंघांतील आहेत.

मतदारांनी दिलेला हा कौल लोकप्रतिनिधी म्हणून त्यांचा अधिकार निर्विवाद करतो. सूरवाल, गोपालगढ आणि जोधपूर येथील प्रकरणांत तपास राज्य पोलिसांच्या हातून का गेला, या प्रश्नाचे उत्तर मात्र मतपेटीतून मिळत नाही. राजस्थानात सरकार बदलले की पोलीस महासंचालकांच्या खुर्चीकडे नजरा वळतात आणि त्या खुर्चीतील अधिकारी उद्या कोणत्या पक्षाचा उमेदवार असेल, याची चर्चा जयपूरच्या पोलीस मुख्यालयापासून सचिवालयापर्यंत रंगते. निवृत्ती आणि उमेदवारी यांत किती अंतर असावे, हे कायद्याने जोवर ठरत नाही, तोवर सेवेतील प्रत्येक वरिष्ठ अधिकाऱ्याला ही चर्चा सहन करावी लागणार आहे, मग त्याचा राजकारणात जाण्याचा विचार असो वा नसो.